नववा ग्रह

नऊ ग्रहांचीं नांवें आम्हीं शाळेंत घोकलीं, त्यास आतां पुष्कळ वर्षें लोटलीं. परवां रात्रीं जेवणें आटोपल्यावर आमचा पुतण्या आठच ग्रह मोजून थांबला. “काका, आतां आठच,” असें तो म्हणाला, तेव्हां आम्हीं त्यास सर्वांदेखत दटावलें व कपाटांतील जुनें पुस्तक काढून १९३० सालीं शोध लागलेल्या प्लूटोचें नांव दाखविलें. पोर गप्प बसलें.

दोन दिवसांनीं दूरचित्रवाणीवर त्याच प्लूटोचें २०१५ सालीं ‘न्यू होरायझन्स’ यानानें घेतलेलें छायाचित्र दिसलें. ज्यास आपल्या कक्षेचा परिसर मोकळा करतां आला नाहीं तो पूर्ण ग्रह नव्हे, असें २००६ सालीं प्राग येथें खगोलशास्त्रज्ञांच्या सभेनें ठरविलें व प्लूटो ‘बटुग्रह’ झाला, हेंही कळलें. पुतण्यानें आमच्याकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. तेंच अधिक बोंचलें.

ही वार्ता वर्तमानपत्रांतून आमच्या नजरेखालून गेली नसेल असें नाहीं. परंतु बालपणीं पाठ केलेलें ज्ञान नव्या वाचनास सहसा दार उघडीत नाहीं. दटावणी सर्वांदेखत झाली होती, म्हणून कबुलीही आम्हीं सर्वांदेखतच दिली आणि पुस्तकाच्या समासांत त्याच्याच हातून दुरुस्ती लिहवून घेतली. पुस्तक पुन्हां कपाटांत गेलें. मात्र तें आतां अधिक वाचनीय झालें आहे.