थांग

'अथांग' म्हणजे 'ज्याला तळ नाही तो', असे मी कित्येक वर्षे वर्गात सांगत आलो. धाराशिवच्या एका संपर्कसत्रात मागच्या बाकावरचे, बोअरच्या गाडीवर काम करणारे एक विद्यार्थी उठले आणि म्हणाले, "सर, तळ नसंल असं कसं? दोर पुरला नसंल." भाषाविज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही.

थांग म्हणजे तळाचा पत्ता. तो ज्याचा लागलेला नाही ते अथांग. हे मला ठाऊक असायला हवे होते. उन्हाळ्यात माझे वडील विहिरीत दगड बांधलेला दोर सोडत आणि वर ओढताना दोन्ही हात पसरून वाव मोजत. दर्यावर्दीही शिशाचा ओळंबा सोडून वावांतच खोली सांगत. भर समुद्रात मात्र दोराला मर्यादा पडतात. तो उतरायला तास जातात, प्रवाह त्याला तिरपा ओढतो, आणि एवढे करून एकाच ठिकाणची खोली हाती येते.

जहाजाच्या बुडाशी बसवलेले सोनार दोराऐवजी ध्वनी सोडते. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. प्रतिध्वनी ४ सेकंदांनी परतला, तर ध्वनीचा प्रवास ६००० मीटरचा आणि खोली त्याच्या निम्मी, ३००० मीटर. हिशेब शाळकरी वाटतो. पण तापमान, क्षारता आणि दाब यांनुसार वेग बदलत असल्याने तोही मोजून दुरुस्ती करावी लागते. बहुकिरणी सोनार तर पंख्यासारखे अनेक ध्वनिझोत एकदम पसरते. पाभरीने तासाला तास धरून पेरावे, तसे जहाज पट्ट्याला पट्टा जोडत तळाचा नकाशा काढते.

आपल्या 'सागर कन्या' या संशोधन जहाजाने अरबी समुद्राच्या तळावरचे डोंगर असेच शोधले. एकाला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक पणिक्कर यांचे, तर दुसऱ्याला भूवैज्ञानिक वाडिया यांचे नाव मिळाले. आपल्या जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले. जुने आणि नवे, दोन्ही बोलणारी माणसे एकाच एसटीत भेटतात. त्या डोंगरांवर मात्र त्यांचे नाव घेणारे कोणीच राहत नाही. नामशास्त्राच्या अभ्यासकाला ही गोष्ट थोडी अस्वस्थ करते.

जगाच्या समुद्रतळाचा जेमतेम पाव भाग आजवर असा प्रत्यक्ष मोजला गेला आहे. उरलेल्याचे चित्र मुख्यतः उपग्रहांच्या नोंदींवरून बांधलेला अंदाज आहे. तळ तेथेही आहेच.

पुढच्या सत्रात मी माझी व्याख्या दुरुस्त केली. ते विद्यार्थी त्या दिवशी आले नव्हते. गाडी दुसऱ्या जिल्ह्यात गेली होती. नंतर त्यांचा स्वाध्याय माझ्याकडे तपासायला आला. 'अथांग'पुढे त्यांनी लिहिले होते : ज्याला तळ नाही तो.