आवाज येतो, शब्द येत नाहीत

घरातला जुना म्युझिक सिस्टम मागच्या दिवाळीआधी कायमचा गप्प झाला आणि घरात दोन पक्ष पडले. ह्यांचं म्हणणं, आता घ्यायचेच तर जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर घेऊ. भीमसेन जोशी ऐकावेत तर त्यांच्यावरच. लेकाचं म्हणणं, पप्पा, दोन छोटे स्पीकर आणि एक सबवूफर बस झालं; सिनेमा बघताना छातीत धडधडलं पाहिजे. मला कोणी विचारलं नाही. त्या खोक्यांवरची धूळ कोण पुसणार, हे मात्र दोघांनाही ठाऊक होतं.

मामंजी तख्तपोसावर बसून सगळं बघत होते. ऐकत होते, असं म्हणवत नाही.

मामंजींनी 40 वर्षं जिनिंग फॅक्टरीत काढली. आदिलाबाद हे कापसाचं गाव. हंगामात यंत्रांची घरघर सकाळी सुरू व्हायची ती रात्रीपर्यंत, आणि कानात बोळा घालायची तेव्हा पद्धत नव्हती. गोंगाटानं कान जातात तेव्हा आधी वरचे सूर जातात, 4000 हर्ट्झच्या आसपासचे. खालचे बरेच दिवस टिकतात. आता 'स', 'फ', 'थ' या अक्षरांची धार त्या वरच्या सुरांतच असते. मी 'साखर' म्हणावं आणि त्यांना 'आखर' ऐकू यावं, असं चाललेलं. कानाचं मशीन आणलं, तर भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणून त्यांनी ते डबीत घालून ठेवलं. मग देवळात प्रवचनाला जाणंही सुटलं. एकदा विचारलं तर म्हणाले, "आवाज येतो सूनबाई, शब्द येत नाहीत."

उंच स्पीकर ऐकायला आम्ही नागपूरला गेलो. पैनगंगेचा पूल ओलांडून पांढरकवडा, हिंगणघाट करत. दुकानातला हॉल भला मोठा, स्पीकर भिंतीपासून चांगले तीन फूट पुढे. तानपुरा लागला आणि ह्यांनी डोळे मिटले. खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं. काळी एक पट्टीतल्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झवर वाजते. छोट्या स्पीकरला तिथवर उतरताना दम लागतो. उंच स्पीकरच्या पोटात जागा असते, तो सहज उतरतो. ह्यांचा हट्ट उगाच नव्हता. पण मी विचारलं, "आमची खोली 12 बाय 10 ची आहे, चालेल?" दुकानातला मुलगा प्रामाणिक निघाला. "काकू, मागे नि बाजूला जागा सोडायला लागेल. नाहीतर घुमेल." जागा सोडायची तर मामंजींचा तख्तपोस बाहेर काढावा लागला असता.

मग लेकानं गावातल्या दुकानातून एक सबवूफर दोन दिवसांच्या बोलीवर आणला आणि कोपऱ्यात ठेवला. कोपऱ्यात सगळा घूं-घूं, खोलीच्या मध्यभागी उभं राहावं तर अर्धा ठेका गायब! दोष खोक्याचा नव्हता. 40 हर्ट्झची लहर असते साडेआठ मीटरची, म्हणजे 28 फूट. 12 फुटांच्या खोलीत ती मावणार कुठे? भिंतीवर आपटून परत येते, कुठे दुप्पट होते, कुठे स्वतःलाच खोडते. दिवाळीच्या सुमारास गोंडांच्या गुड्यांवर दंडारी असते. डोक्यावर मोरपिसांचे टोप घालून गुसाडी नाचतात. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मारलवाईच्या कनक राजूंना याच नाचासाठी 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. तिथला ढोल छातीत वाजतो, पण घुमत नाही. उघड्यावर त्याला परतवणारी भिंतच नसते.

आमच्याकडे मात्र भिंत होती, आणि तीही शेजाऱ्यांशी सामायिक. दुपारी शेजारच्या अम्मा दारात आल्या. सुनेला महिन्याभराचं बाळ. रागावल्या नाहीत. "कोंचम तग्गिंचंडम्मा," एवढंच म्हणाल्या. जरा कमी करा. मी त्यांच्याबरोबर त्यांच्या घरात गेले. फळीवरचे स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणत होते. गाणं तिकडे अजिबात ऐकू येत नव्हतं, फक्त दणका. रात्री 10 नंतर वस्तीत 45 डेसिबलची मर्यादा आहे खरी, पण ते मोजमाप आपल्या कानाच्या बेतानं केलेलं. 50 हर्ट्झचा आवाज त्यात तब्बल 30 डेसिबलनं कमी धरला जातो. मीटर गप्प राहिला असता. बाळ जागं होतं. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

त्या रात्री माझं मत ठरलं, आणि मी ते न विचारताच सांगितलं: सबवूफरच घ्यायचा. दणक्यासाठी नाही, त्याच्या बटणासाठी. उंच स्पीकर जिथे उभा, तिथूनच त्याचा खालचा सूर येणार. त्याला वेगळं हलवता येत नाही. सबवूफरला स्वतःचं बटण असतं. रात्री तेवढाच बंद करता येतो. शिवाय 80 हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीटसं कळत नाही, म्हणून तो खोलीत सोयीच्या जागी ठेवता येतो.

जागा शोधायची रीतही गमतीची. आपण जिथे बसतो तिथे सबवूफर ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण भिंतीकडेनं रांगत फिरायचं. जिथे ठेका सारखा, नितळ ऐकू येईल ती त्याची जागा. तख्तपोसावर खोकं, आणि पदर खोचून मी जमिनीवर रांगतेय! लेक हसून लोळला. खिडकीखाली जागा सापडली, सामायिक भिंतीपासून लांब.

छोटे स्पीकर मामंजींच्या कानाच्या उंचीवर, चार फुटांवर मांडले. आधी गाणं लावलं. मामंजी खाली वाकले आणि त्यांनी सबवूफरवर तळहात टेकवला, जिनवर ठेवायचे तसा. थोडा वेळ तसेच राहिले. "बेअरिंग ठीक आहे," म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा विनोद ऐकला.

मग सबवूफर बंद केला, वरचे सूर थोडे वाढवले आणि प्रवचनाची रेकॉर्ड लावली. ते पुढे सरकून बसले. ओठ हलत होते. ऐकलेलं जुळवत होते बहुतेक. दहा मिनिटांनी मी विचारलं, "आलं का ऐकू?"

"अर्धं आलं."

मला वाईट वाटलं. एवढी खटपट करून अर्धंच. पण ते उठले आणि कपाटाकडे बघत म्हणाले, "ती मशीनची डबी कुठे ठेवलीस? ते घातलं तर उरलेलं येईल काय?"

डबी सापडली, आतला सेल संपलेला. नऊ वाजायला आले होते. दुकान बंद व्हायच्या आत लेकाला सायकलवर पिटाळलं.