रफार स्पष्ट दिसेपर्यंत

मुद्रितशोधन पडद्यावर करायचं तर पडदा त्याच्या मूळ रिझोल्युशनवरच चालला पाहिजे, याबाबत मी हट्टी आहे. मराठीत शिरोरेघेच्या वर रफार, मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार यांची दाटी असते. तिथे कडा धूसर झाल्या की रफाराशेजारचा अनुस्वार सुटलाय, हे डोळ्यांना कळतच नाही.

गिरगावात घरीच मी दिवाळी अंकांची मुद्रितं तपासते. लिनक्सवर चालणाऱ्या माझ्या जुन्या संगणकासाठी लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला रुंद मॉनिटर आणला. तो १६०० × ९०० चा, पण सेटिंगमध्ये १०२४ × ७६८ च्या पुढे पर्यायच नव्हता. अक्षरं आडवी ताणली गेली, जोडाक्षरं फुगली. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "ताई, मॉनिटर चांगलाय, केबल बघा."

त्याचं बरोबर होतं. आपण कोण आणि आपल्याला कोणती मापं चालतात, हे मॉनिटर संगणकाला ईडीआयडी नावाच्या १२८ बाइटांच्या नोंदीतून सांगतो. व्हीजीए केबलमध्ये ती नोंद १२ आणि १५ क्रमांकांच्या पिनांवरून जाते. स्वस्त केबलींत या तारा कधीकधी जोडलेल्याच नसतात. मग लिनक्स जपून वागतं आणि कुठल्याही पडद्याला झेपेल असं लहान माप धरतं.

रविवार होता, दुकानं बंद, आणि पानं सकाळी छापखान्यात जायची होती. म्हणून माप मीच सांगायचं ठरवलं. टर्मिनलमध्ये 'सीव्हीटी १६०० ९०० ६०' दिलं की आकड्यांची एक ओळ मिळते. तिची सुरुवात ११८.२५ ने होते. हा मेगाहर्ट्झमधला पिक्सेलचा वेग. पुढे आडवी बेरीज २११२, उभी ९३४. दिसणाऱ्या १६०० आणि ९०० पेक्षा त्या मोठ्या का? जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यात किरणाला ओळ संपवून परत यायला वेळ लागे. ती मोकळी जागा आजही हिशेबात धरली जाते. २११२ गुणिले ९३४ गुणिले ६०, म्हणजे सेकंदाला सुमारे ११.८ कोटी पिक्सेल. हा हिशेब जुळताना पाहून मला फार आनंद झाला.

मग पडद्याची मापं ठरवणाऱ्या 'एक्सरँडर' या आज्ञेला ती ओळ 'न्यूमोड'ने शिकवली, 'अ‍ॅडमोड'ने व्हीजीएच्या जोडणीला लावली आणि 'आउटपुट'ने चालू केली. पडदा क्षणभर काळा झाला आणि अक्षरं धारदार उमटली. रफार, अनुस्वार, सगळं जागच्या जागी. रात्री पानं निर्धास्तपणे वाचली.

असं करायचं असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. लिनक्सवर पडद्यावरचं चित्र एक्सऑर्ग किंवा वेलँड यांपैकी एक व्यवस्था दाखवते; ही युक्ती एक्सऑर्गच्या सत्रात चालते, वेलँडमध्ये नाही. लॉगिन करतानाच एक्सऑर्गचं सत्र निवडा. आणि संगणक बंद केला की ही सेटिंग पुसली जाते, म्हणून त्या आज्ञा घरच्या फोल्डरातल्या 'डॉट एक्सप्रोफाइल' फाइलीत लिहून ठेवा. केबल नवी घ्याल तेव्हा १२ आणि १५ या पिना आतून जोडलेल्या आहेत ना, हे दुकानातच विचारा.