सौम्य

कऱ्हाडला मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. आदल्या रात्री कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर आम्ही दहा-बारा बायका ओळीनं गाद्या टाकून झोपलो. सकाळी चहाच्या वेळी धाकटी मावशी शेजारी येऊन टेकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "अगं, घोरतेस ते राहू दे. पण मध्येच थांबतेस. मी आपली वाट बघत पडले होते."

बाईच्या घोरण्याबद्दल असं आवाज खाली आणूनच बोलायचं असतं. पुरुष घोरला की घरात त्याच्या नकला होतात, पाहुण्यांना सांगितलं जातं. बाईचं घोरणं झाकलं जातं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या ह्यांचं कारण वेगळं. गेली आठ वर्षं त्यांना कमी ऐकू येतं. रात्री कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं की त्यांच्यापुरतं जग मिटतं. त्याआधीचं विचारलं तर म्हणाले, "घोरायचीस थोडी. सगळेच घोरतात."

मावशीचं ते वाट बघणं मात्र डोक्यातून जाईना, कारण अशी वाट मीही बघितलेली होती. वाईच्या घरात आम्ही भावंडं माजघरात झोपायचो आणि बाबा ओसरीवर. त्यांचं घोरणं ऐकू येतंय म्हणजे दार लागलेलं आहे, चोर येणार नाहीत, उद्या शाळा आहे. ते मध्येच थांबायचं. मग आम्ही अंधारात बोटांवर मोजायला लागायचो. नऊ, दहा, कधी पंधरा. एकदम 'खर्र' व्हायचं, पलंग करकरायचा आणि गाडी पुन्हा चालू. हसू दाबायला तोंडात गोधडीचा बोळा. दिवसा बाबा वर्तमानपत्र धरल्या धरल्या पेंगायचे. आईला वाटायचं, आळस. पुढे त्यांना रक्तदाब जडला, त्रेसष्टाव्या वर्षी ते गेले. एकाचा दुसऱ्याशी संबंध होता की नाही हे आता कुणाला सांगता येणार नाही आणि मीही तो जोडत बसणार नाही. पण श्वास 10 सेकंद किंवा जास्त अडला तरच तो हिशेबात धरतात, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्या गोधडीतल्या मोजणीनं अंगावर काटा आला.

झोपेची तपासणी घरीच झाली. छातीला पट्टा, नाकात बारीक नळी, बोटाला चिमटा. अहवालात आकडा आला 9. तासाला नऊ वेळा. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, त्यापुढे तीव्र. "सौम्य आहे," डॉक्टर म्हणाले. "झोपताना हवेच्या दाबाचं मशीन लावलंत तर दिवसा बरं वाटेल कदाचित. नाही लावलंत तर आज काही बिघडत नाही. तुम्ही ठरवा."

आता हे काय बोलणं झालं? आपल्याला डॉक्टरांनी दटावायची सवय. गोळी घ्या म्हणाले की घ्यायची, मीठ तोडा म्हणाले की तोडायचं. ठरवा म्हणाले की माणूस रस्त्यात उभा राहतो.

आणि तो शब्द. सौम्य म्हटलं की मला देवीचं शांत रूप आठवतं, उन्हाळ्यात नेसायची फिक्या रंगाची साडी आठवते. पण बँकेत हयात काढलेली मी, आकडा तसाच सोडवेना. नऊ गुणिले साडेसहा तास. म्हणजे रात्रीतून साठेक वेळा घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि वाट अरुंद होते किंवा मिटते. प्राणवायू उतरतो. मेंदू ढोसून उठवतो, पण इतकं ओझरतं की सकाळी त्याचा मागमूस नसतो. आपल्या घरात रोज रात्री काहीतरी घडतंय आणि आपणच तेवढे हजर नाही.

वैद्यकीय शिकणारी भाची वाचायला पाठवत राहिली. दिवसाच्या पेंगेची आठ प्रश्नांची एक प्रश्नावली असते. त्यात 'दुपारच्या जेवणानंतर, मद्य घेतलेलं नसताना, शांत बसलात तर डुलकी लागते का' असंही विचारतात. वरणभातानंतर डुलकी न लागणारा माणूस मला तरी माहीत नाही. 10 पर्यंत ठीक समजतात, मला 11 पडले. आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात असलेल्या, मध्यम ते तीव्र त्रासाच्या लोकांना मशीन देऊन केलेला एक मोठा अभ्यास 2016 साली आला. त्यात झटके काही कमी झाले नाहीत. अर्थात ते लोक मशीन लावत होते रात्री सरासरी तीन-सव्वातीन तास. सौम्यवाल्यांचा ब्रिटनमधला अभ्यास 2020 चा. तीन महिन्यांत त्यांना दिवसा जास्त तरतरी वाटली. इतकंच. जयपूरच्या डॉक्टरांनी 30 रुग्ण घेऊन, शंख फुंकण्यानं घसा बळकट होतो का तेही पाहिलं आणि फुंकणाऱ्यांची पेंग कमी झाली. मी आशेनं देवघराकडे पाहिलं. आमचा शंख पूजेचा, पाणी घालायचा. त्याला फुंकायला भोकच नाही.

मशीन पंधरा दिवसांसाठी भाड्यानं आणलं. विकत घ्यायचं तर चाळीस हजार सांगितले होते. हे यंत्र सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांचं, 1981 मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडलं, पाच रुग्णांच्या आधारावर. सुरुवातीला हवा ढकलायला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती म्हणे. करायचं काय, तर नाकावाटे हवेचा सतत दाब देऊन घशाला आतून टेकू द्यायचा. दाब मोजतात सेंटिमीटर पाण्यात. माझ्या मशीनवर 8 दिसायचे. आठ म्हणजे किती, कळेना. मग स्वयंपाकघरात उंच पेल्यात पाणी घेतलं, शहाळ्याबरोबर आलेली प्लास्टिकची नळी पट्टीनं मोजून आठ सेंटिमीटर बुडवली आणि फुंकलं. गालांना जरासा ताण, मग बुडबुडे. एवढाच दाब. लहान मूल सरबतात खेळतं तेवढा.

मुखवटा लावल्यावर मात्र ते खेळणं राहत नाही. पहिल्या रात्री पट्टे आवळताना वाटलं, आपण आयसीयूत आहोत. बोलायला तोंड उघडलं तर सगळी हवा तोंडातून भस्सकन बाहेर. नळी कुशीवर वळले की मानेशी यायची. दीड वाजता काढून टाकलं. दुसऱ्या रात्री अडीचला. चौथ्या रात्री रागारागानं उशाशी फेकलं आणि ठरवलं, परत करायचं. कुशीवर झोपू, चार किलो उतरवू, झालं. सौम्यच तर आहे.

पाचव्या रात्री मशीन न लावताच झोपले. सकाळी चहा ठेवायला गेले तर ओट्यावर विजेचं बिल पालथं पडलेलं. मागे पेन्सिलीच्या रेघा, दुधवाल्याच्या हिशेबासारख्या. चार उभ्या, एक आडवी. कडेला ह्यांच्या अक्षरात: 'सव्वादोन ते सव्वातीन. सात.'

"हे काय?"

"कानातलं काढलं नाही काल."

"तासभर बसून होतात?"

"पाचव्या वेळी फार लांबलं. हलवणार होतो, तेवढ्यात घेतलास." आणि मग साखरेचा डबा उगीच पुढे ओढत, "मला माहीत नव्हतं गं, इतकं शांत होतं ते."

अहवालातल्या नऊपेक्षा दोन कमीच. पण तो आकडा मी बघून ठेवला होता, हा मला सोसवेना.

त्या रात्री मशीन परत लावलं. पट्टा एक घर सैल केला, तेवढ्यानं फरक पडला. त्यांनी कानातलं काढून डबीत ठेवलं आणि झाकण लावलं. मग बटणापाशी जाऊन माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं. मला उत्तर देता येईना, दिलं असतं तरी त्यांना ऐकू आलं नसतं. मी हात हलवला. त्यांनी दिवा घालवला.