पलटणीतला माणूस

16 डिसेंबर 1817 रोजी सक्करदऱ्याच्या परिसरात तोफा धडाडल्या होत्या. नागपुरातल्या या तलावाकाठी फिरायला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असेल. इंग्रज आणि भोसले यांच्यातल्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांचा जनरल डव्हटन फौज घेऊन नागपुरात आला आणि नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले त्याच्या स्वाधीन झाले. त्यांच्या फौजेने मात्र तोफा द्यायचं नाकारलं. राजा शत्रूच्या छावणीत आणि सैन्य मैदानात, अशी ती लढाई! मैदान गेलं तरी भोसल्यांच्या फौजेतले अरब शिपाई शहर धरून राहिले. 24 तारखेचा इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवला आणि बायकामुलांसह सुखरूप जाऊ देण्याची अट मान्य झाल्यावरच महिनाअखेरीस ते बाहेर पडले.

पोटासाठी समुद्र ओलांडून आलेली ही माणसं राजा गेल्यावर कुणासाठी लढली? मला वाटतं, शेजारी उभ्या असलेल्या जोडीदारासाठी. फौज नावाचं वेगळं जग या बांधिलकीवर उभं असतं. पण अशी फौज कुणाच्याच हुकमात नसली तर तिची भीतीही वाटते. आपल्या सैन्याने हा जिव्हाळा जपला आणि तरी लोकांनी निवडलेल्या सरकारचाच हुकूम मानला, ही मला स्वतंत्र भारताची फार मोठी कमाई वाटते.

आमच्या शेजारचे काका गार्ड्समधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. या रेजिमेंटचं केंद्र आपल्या कामठीत आहे. 1949 साली जनरल करिअप्पांच्या पुढाकाराने ती उभी राहिली, तीच मुळी सर्व जातींच्या, सर्व प्रांतांच्या जवानांना एकत्र घेऊन. काकांच्या बराकीत डोग्रा होता, तमिळ होता, बिहारी होता; सगळ्यांचा लंगर एक. तिथे आडनावावरून कुणी कुणाचं घर ओळखत बसत नसे. निवृत्त होऊन गल्लीत परतल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांना जात विचारली गेली. “सिव्हिलमध्ये आलो हे तेव्हा कळलं,” काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते मला जास्त लागलं.

शिपाई, हवालदार बहुधा चाळिशीच्या आगेमागेच घरी येतात. मुलं शाळेत असतात, अंगात ताकद असते. माणसं सांभाळण्याचा, बर्फात चौकी चालवण्याचा अनुभव असतो. त्यातल्या कितीतरी जणांना आपण एखाद्या एटीएमच्या दारात खुर्ची देतो. पंधरा ऑगस्टला शाल-श्रीफळ देतो आणि एरवी कँटीनमधून मिक्सर स्वस्तात मिळेल का, एवढंच विचारतो. हे आपल्याला शोभत नाही.

सीताबर्डीचा किल्ला आजही लष्कराकडे आहे. प्रजासत्ताकदिनी आणि स्वातंत्र्यदिनी तो लोकांसाठी उघडतो. मुलांना घेऊन तिथे जरूर जा. पण तुमच्या गल्लीतल्या फौजी माणसाचं दार वर्षभर उघडं असतं. त्याच्याकडे जाऊन बसा, त्याच्या पलटणीबद्दल विचारा आणि मोहल्ल्याच्या कामात त्याला सोबत घ्या.