कानाचे दडे

हॅवलॉकला पोचलो त्याच संध्याकाळी डाइव्ह सेंटरच्या पडवीत बसून मी आरोग्याचा फॉर्म भरला. दमा आहे का, हृदयाचा त्रास, फिट येते का. भराभर 'नाही' लिहीत गेले. कान आणि सायनसच्या प्रश्नापाशी पेन थांबलं. दर पावसाळ्यात माझा सायनस भरतो. विमान उतरताना उजवा कान असा ठणकतो की डोळ्यांत पाणी येतं. 'होय' लिहिलं तर डॉक्टरांनी तपासून सही केल्याशिवाय कोर्स सुरू होणार नव्हता. पैसे भरलेले, सुट्टी मोजकी. मी 'नाही' लिहिलं.

शेजारी बसलेल्या भाचीने ते पाहिलं. "मावशी, तुझा सायनस?"

"आता काही नाही गं," मी म्हणाले. ती तेवीस वर्षांची आहे, माझ्यावर तिचा विश्वास आहे. ती गप्प बसली.

माझा धीर मालवणहून आला होता. दोन वर्षांपूर्वी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मी स्कूबा केलं होतं, म्हणजे तसं समजत होते. तिथे माणूस तुमच्या मागे राहून तुम्हाला धरून नेतो, वर-खाली तोच करतो, तुम्ही फक्त तोंडाने श्वास घ्यायचा आणि मासे बघायचे. पाणी जेमतेम दोन पुरुष खोल. कान थोडा दुखला होता, पण तो दुखतोय तोवर मी वर आलेही होते. तो अनुभव मी अनुभव म्हणून मोजला, ही माझी पहिली गफलत. ओपन वॉटर कोर्समध्ये तुम्हाला धरणारं कोणी नसतं. चार डाइव्ह करायचे, जास्तीत जास्त अठरा मीटरपर्यंत, आणि हवा किती उरली, किती खोल आलो, सोबती कुठे आहे, हे सगळं आपलं आपण बघायचं.

आमचा शिक्षक बेटावरच वाढलेला बंगाली तरुण होता. सगळे त्याला दादा म्हणत, माझ्याहून पुष्कळ लहान असूनही मीही म्हणू लागले. त्याने पहिल्याच दिवशी जे सांगितलं ते मला आजही त्याच्या आवाजात आठवतं. दहा मीटर खाली गेलात की अंगावरचा दाब दुप्पट होतो. सगळ्यात मोठा फरक पहिल्या काही मीटरमध्येच पडतो, म्हणून कान तिथेच अडतात. घाटात गाडी चढताना कानाला दडे बसतात तसंच हे, फक्त पाण्यात ते फार लवकर आणि फार जोरात होतं. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दुखायच्या आधीच, हात-दोन हात उतरलं की पुन्हा. दुखलं तर मीटरभर वर यायचं. नाही सुटला कान, तर डाइव्ह तिथेच संपला. "जोर कधीच लावायचा नाही," तो दोनदा म्हणाला.

खुणाही त्याने घोटून घेतल्या. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे सगळं ठीक. वर केलेला अंगठा म्हणजे 'छान' नव्हे, 'वर जाऊ या'. तळहात आडवा धरून डुलवला आणि कानाकडे बोट केलं, म्हणजे कानाला त्रास आहे. ही शेवटची खूण मला येत होती. मी ती एकदाही केली नाही.

पहिले दोन डाइव्ह निभावले. पाण्याखाली शांतता असते असं लोक म्हणतात, ते खरं नाही. प्रवाळावर सतत चटचट आवाज येत असतो, कढईत मोहरी तडतडावी तसा. तो बारीक कोळंबीचा. पोपटमासे प्रवाळ खरवडतात तेही ऐकू येतं. भाची डोळे विस्फारून खाणाखुणा करत होती. इतकी खूश मी तिला तिच्या लहानपणानंतर पाहिली नव्हती.

शेवटच्या दिवशी सकाळी नाक चोंदलेलं होतं. तिसऱ्या डाइव्हला चार मीटरवर उजवा कान अडला. दादाने माझ्याकडे बघून विचारलं, मी वर्तुळ करून दाखवलं. ठीक आहे. दुखत असताना ठीक आहे. मग जोरात फुंकलं, काहीतरी सुटल्यासारखं वाटलं, खाली गेले. वर आल्यावर त्या कानात भांड्यात बोलल्यासारखा आवाज येत होता. बोटीवर तासभर थांबायचं होतं. त्या वेळात मी पाठ फिरवून नाकात थेंब घातले. थेंबांनी सूज तात्पुरती उतरते. खाली असताना त्यांचा असर संपला, तर वर येताना कानातल्या हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही. हे पुस्तकात लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलेलं होतं.

चौथ्या डाइव्हला सात-आठ मीटरवर कानात टचकन काहीतरी फुटलं. दुखणं एकदम थांबलं आणि त्याच क्षणी समुद्र फिरू लागला. पडद्याला भोक पडून गार पाणी आत शिरलं की तोल सांभाळणारा अंतर्कर्ण गोंधळतो. मला वर कुठे आणि खाली कुठे तेच कळेना. बुडबुडे जातात तिकडे वर, हे दादाने शिकवलं होतं, पण बुडबुडेही आडवे जाताना दिसत होते. मी श्वास रोखला आणि पाय झाडत सुटले. स्कूबात श्वास रोखायचा नाही, हा पहिला नियम. दहा मीटरवर भरून घेतलेली छाती पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट फुगू पाहते, आणि फुप्फुस फाटू शकतं. दादाने माझं जॅकेट घट्ट पकडून मला खाली ओढून धरलं आणि माझ्या मास्कसमोर तोंड आणून स्वतः बुडबुडे सोडत राहिला, मी सोडेपर्यंत. मग हळूहळू सगळ्यांना घेऊन वर आला. डाइव्ह सुरू होऊन जेमतेम पाच मिनिटं झाली होती. भाचीचा आणि आणखी दोघांचा डाइव्ह माझ्यामुळे तिथेच संपला.

बोटीवर मला ऑक्सिजन दिला. दादाने एकच प्रश्न विचारला, "कान कधीपासून?" मी म्हणाले, सकाळपासून. मग म्हणाले, नाही, पुण्यापासून. तो काही बोलला नाही. बेटावरच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी पडद्याला भोक असल्याचं सांगितलं, कान कोरडा ठेवायला सांगितला.

दुपारी भाचीला एकटीला नेऊन चौथा डाइव्ह पुरा करून द्यायला दादा तयार होता. पण लागोपाठ डाइव्ह केल्यावर किमान अठरा तास विमानात बसायचं नसतं, आणि आमचं विमान पोर्ट ब्लेअरहून दुसऱ्या दिवशी सकाळी आठचं होतं. म्हणजे दोनच्या आत पाण्याबाहेर यायला हवं होतं. तिकिटं मी काढली होती. एक दिवस जास्तीचा नको म्हणून अट्टहासाने. आरोग्य केंद्रातून निघालो तेव्हा दीड वाजून गेला होता.

जहाजावर भाची माझ्या डाव्या बाजूला बसली, ऐकू यावं म्हणून. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मावशी, तू खूण केली असतीस तर आपण दोघी वर आलो असतो. मला काहीच वाटलं नसतं." मग बराच वेळ ती पाण्याकडे बघत होती. तिने या कोर्ससाठी आठ महिने पगारातून पैसे बाजूला काढले होते.

पडदा दोन महिन्यांत भरून आला. पुण्यातल्या कानाच्या डॉक्टरांनी पुन्हा डाइव्हिंगला परवानगी दिलेली नाही, आणि मी मागितलेलीही नाही. भाचीचा अर्धवट कोर्स वर्षाच्या आत दुसऱ्या केंद्रातही पुरा करता येतो, तशी कागदपत्रं दादाने करून दिली आहेत. तिचे तीन डाइव्ह झालेत, एक राहिलाय. मुदत येत्या जानेवारीपर्यंत आहे.