वावरच्या विजेवर ओव्हरक्लॉकिंग

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरचे तारपावादक आणि लग्न लावणाऱ्या धवलेऱ्या यांची रेकॉर्डिंग मी वावर या आमच्या गावी घरीच एडिट करतो. आवाजातली खरखर काढणं आणि व्हिडिओ रेंडर करणं, दोन्ही कामं प्रोसेसरला पिळून काढतात. मशीन जुनं आहे: एएमडीचा २०१८ सालचा सहा कोअरचा राइझन ५ २६०० आणि बी४५० चिपसेटचा बोर्ड. नवं घेणं परवडणारं नव्हतं, पण या जोडीत वेग वाढवायची, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगची, मुभा आहे. ए३२० च्या बोर्डवर ती नसते. इंटेलमध्ये त्यासाठी सहसा नावाशेवटी ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड लागतो.

सुरुवात केली विजेपासून. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरतं आणि पावसाळ्यात तारेवर झाड पडलं की लाइट कधी येईल याचा नेम नसतो. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ भरून पाणी घातलं, चांगला एसएमपीएस बसवला, यूपीएस जोडला. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचाच भार पेलतो. वेग वाढला की मशीन जास्त वीज ओढतं आणि बॅटरीवरची मिनिटं घटतात. बायोस अपडेट तर आभाळ स्वच्छ बघूनच केलं, कारण ते मध्येच तुटलं तर बोर्ड उठतच नाही.

मग उष्णता. चिप खाते ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. १.२० व्होल्टचे १.३५ केले, तर वेग तोच ठेवूनही खप सव्वापटीच्या पुढे जातो. म्हणून व्होल्टेजला हात सगळ्यात शेवटी आणि तोही गरजेपुरता, १.३५ च्या वर जायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं. सोबत आलेला कूलर काढून मोठा हीटसिंक बसवला, थर्मल पेस्ट नवी लावली. मूळ क्लॉक १०० मेगाहर्ट्झचा, मल्टिप्लायर ३८ केला की ३.८ गिगाहर्ट्झ. तिथवर पाव-पाव पायरीनं गेलो. एका वेळी एकच बदल करायचा, वहीत लिहायचा आणि मग प्रोसेसरला ताण देणारं प्राइम९५ चालवून तापमान बघत बसायचं. सहाही कोअर ३.८ वर बांधले की एकट्या कोअरला मिळणारा ३.९ चा बूस्ट जातो, पण रेंडरला सहाही लागतात.

जव्हारला ठाण्याचं महाबळेश्वर म्हणत असले, तरी पत्र्याखालच्या खोलीला मे महिना चुकत नाही. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच चढतो. थंडीतल्या रात्री ७२ अंश दाखवणारं मशीन उन्हाळ्यात भर दुपारी ८५ वर गेलं. चिपची मर्यादा ९५ ची आहे, पण एवढ्या जवळ रोज काम करायची माझी तयारी नाही. त्यामुळे बायोसमध्ये दोन प्रोफाइल ठेवलेत: एरवी ३.८, आणि एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत कंपनीचं मूळ सेटिंग.

खरी काळजी घ्यावी लागते ती रॅमची. डीडीआर४ ची ३२०० ची पट्टीही आपण बायोसमध्ये एक्सएमपी चालू करेपर्यंत सहसा २१३३ किंवा २४०० वर धावते. एक्सएमपी चालू केलं की व्होल्टेज १.२ वरून १.३५ होतं आणि वेग ३२०० वर जातो. मात्र माझ्या प्रोसेसरसाठी एएमडीनं दिलेली हद्द २९३३ आहे, म्हणजे ३२०० हेही ओव्हरक्लॉकिंगच. त्या वेगावर विंडोज दिवसभर विनातक्रार चाललं. रात्री पेन ड्राइव्हवरून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ लावलं, तर तिसऱ्या फेरीत पडद्यावर चुकांच्या लाल ओळी आल्या. २९३३ वर आणलं आणि सकाळी शून्य चुका दिसल्या. तोच आकडा कायम केला.

प्रोसेसर डगमगला तर सहसा मशीन हँग होतं, निळा स्क्रीन येतो, आपल्याला कळतं. अगदीच सुरू होईना, तर बोर्डवरच्या क्लिअर सीमॉसच्या पिना जोडून सेटिंग पुसता येतं. रॅम चुकली तर कित्येकदा काहीच कळत नाही. कॉपी करताना फाइलमधला एखादा बिट उलटतो आणि तीच बिघडलेली फाइल बॅकअपमध्ये जाऊन बसते.

या सगळ्या खटाटोपानं रेंडरचा वेळ साधारण दहाव्या हिश्श्यानं वाचला. ओव्हरक्लॉकिंगनं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, हेही धरून चालावं लागतं. तरी मला हे मोलाचं वाटतं, कारण लाइट टिकेल तेवढ्यात काम उरकायचं असतं. तालुक्यातली पोरं विचारतात तेव्हा मी त्यांना आधी मेमटेस्ट लावायला सांगतो, मल्टिप्लायरचं नंतर. धवलेरीचं गाणं म्हणणाऱ्या आमच्या आज्या आता थकल्यात. त्यांच्या रेकॉर्डिंगची फाइल खराब झाली तर पुन्हा गायला त्या असतीलच असं नाही. मेमटेस्ट ज्या वेगावर शून्य चुका दाखवत नाही, तो वेग मी माझ्या मशीनवर ठेवत नाही.